समासातलं प्रश्नचिन्ह

उंबरठा हा शब्द मला एका दुपारी चाळीस मिनिटं आठवला नाही. मी त्याच्यावरच उभी होते. फोनवर बहिणीला सांगत होते, "अगं, ते दाराखालचं लाकडाचं..." आणि तिथेच अडले. चौकट, पायरी, फळी असे आजूबाजूचे सगळे शब्द येऊन गेले, तो एक काही येईना. मग कपड्यांच्या घड्या घालताना तो आपसूक आला. हायसं वाटायला हवं होतं. मला मात्र धडकी भरली.

कारण शब्द हेच माझं काम. मी ३४ वर्षं मुद्रितशोधन केलं. शिशाच्या खिळ्यांचे शेवटचे दिवस पाहिले, पुढे संगणकावर जुळवलेली पानं आली, पण काम तेच राहिलं. ऱ्हस्वाच्या जागी पडलेला दीर्घ शोधायचा, सुटलेला अनुस्वार पाहायचा, दोनदा छापलेली ओळ पकडायची. गळलेलं अक्षर कुठे घालायचं ते काकपद काढून दाखवायचं. आणि मजकुरातच काही खटकलं, एखादं साल, एखादा दावा, तर समासात प्रश्नचिन्ह करायचं. मजकूर बदलण्याचा अधिकार मुद्रितशोधकाला नसतो, विचारण्याचा असतो. ती सवय निवृत्तीनंतरही गेली नाही.

त्या वर्षी आणखीही काही चाललं होतं. यजमान जाऊन चौदा महिने झाले होते. रात्री तीनला जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायचं. कोणाकडे जावंसं वाटत नव्हतं. कोणी आलंच तर ते कधी उठतील असं व्हायचं. जुन्या ओळखीतून एक छोटं पुस्तक तपासायला आलं होतं, त्यात एका प्रकरणाचं नाव सलग अकरा पानांच्या माथ्यावर चुकीचं छापलं गेलं. मी ती पानं तीनदा वाचली होती.

झोप, उदासी आणि विसरणं हे तीन वेगळे धागे आहेत असं मी धरून चालले होते. घरचेही तसंच धरून चालले. भाचा लाडाने म्हणाला, "मावशी, साठी बुद्धी नाठी, आणि तुला तर आता सत्तरी लागेल." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण या एका म्हणीने किती म्हाताऱ्या माणसांची तपासणी लांबवली असेल, याचा विचार आला की मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं.

बहिणीनेच शेवटी हात धरून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक कागद पुढे ठेवला. घड्याळाची तबकडी काढायची आणि त्यात अकरा वाजून दहा मिनिटं झालेली दाखवायची. शंभरातून सात वजा करत जायचं. पाच शब्द ऐकायचे आणि थोड्या वेळाने ते परत सांगायचे. ३० गुणांची ही चाचणी कॅनडात तयार झाली, २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि आता जगभर वापरतात. घड्याळ मी बरोबर काढलं. पाच शब्दांपैकी दोनच आठवले. उरलेल्या तिघांच्या जागी मनात नुसता पांढरा कागद होता.

मग त्यांनी दुसरा कागद दिला. पंधरा प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. आयुष्य रिकामं वाटतं का, पूर्वीच्या आवडीच्या गोष्टी सोडून दिल्या आहेत का, बाहेर पडण्यापेक्षा घरातच बसावंसं वाटतं का. वृद्धांमधलं नैराश्य ओळखण्यासाठी ही प्रश्नावली वापरतात. मी खुणा करत गेले आणि मध्येच थबकले. त्या पंधरांत एक प्रश्न असा होता: इतरांपेक्षा आपल्याला स्मरणशक्तीचा त्रास जास्त आहे असं वाटतं का? मला वाटलं, चुकून दुसऱ्या कागदावरचा प्रश्न इथे आला. सवयीने बोट समासाकडे गेलं. डॉक्टर म्हणाले, चूक नाही, तो तिथलाच आहे.

त्या एका प्रश्नाने मला जे समजावलं ते नंतरच्या वाचनातून फक्त पक्कं होत गेलं. म्हातारपणातलं नैराश्य पुष्कळदा रडत येत नाही, विसरत येतं. मन दुसरीकडे गुंतलेलं असतं, झोप तुटलेली असते, समोर बोललेलं कानावर पडतं आणि आत पोचतच नाही. जे आत गेलंच नाही ते मागाहून काढणार कुठून? पूर्वी अशा अवस्थेला आभासी स्मृतिभ्रंश म्हणत. पण 'आभासी' या शब्दावर विसंबून निर्धास्त होणंही बरोबर नाही. नैराश्य हे पुढच्या स्मृतिभ्रंशाच्या धोक्यांपैकीही एक मानलं जातं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये ज्यांवर काही करता येण्यासारखं आहे असे १४ धोके नोंदवले आणि ते सगळे दूर झाले तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील असा अंदाज मांडला. त्या यादीत नैराश्य आहे, एकटेपणा आहे, बैठं आयुष्य आहे, कमी ऐकू येणं आहे, उच्च रक्तदाब आहे. यादी वाचताना वाटलं, यातल्या चार-पाच गोष्टी एकाच घरात एकाच वेळी सहज नांदतात. माझ्या घरात नांदत होत्या.

रक्ताची तपासणी झाली, बी-१२ आणि थायरॉइड पाहिलं, कान तपासले. थोड्या मात्रेत औषध सुरू झालं. आणि डॉक्टर म्हणाले, रोज चाला आणि योगवर्गाला जा. औषधाचं मी इथे मुद्दाम सांगते आहे. माझी तब्येत पुढे सुधारली, ती कशाने किती सुधारली हे वेगळं करून सांगता येणार नाही. माझं बरं होणं हा कशाचाच पुरावा नाही. पुरावा दुसरीकडे शोधावा लागतो, आणि मी तो शोधला.

योगाविषयी माझ्या मनात अढी होती, हे कबूल करायला हवं. चौतीस वर्षांत या विषयावरचा किती मजकूर माझ्या हाताखालून गेला असेल. मधुमेहापासून मोतीबिंदूपर्यंत सगळं आसनांनी बरं होतं असं ठासून लिहिलेलं. त्या पानांच्या समासात मी इतकी प्रश्नचिन्हं केली होती की हा विषयच माझ्या लेखी प्रश्नचिन्ह होऊन बसला होता. यावर कोणी म्हणतं, योग ही अनुभवाची गोष्ट, तिला मोजमाप कसलं लावता? पण मोजमाप लावणं हे काही परकं खूळ नाही. स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम १९२४ मध्ये सुरू केलं, त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढलं, आणि यौगिक क्रियांच्या वेळी शरीरात नेमकं काय होतं हे ते क्ष-किरण आणि दाबमापक घेऊन तपासत होते. श्रद्धा असूनही तपासणं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आमचा वर्ग खुर्च्यांवरचा आहे. गोल मांडलेल्या बारा-तेरा खुर्च्या, बहुतेक सगळे पासष्टीच्या पुढचे. शिकवणारी मुलगी पस्तिशीची, आम्हाला काका-काकू म्हणते. पहिला महिना आम्ही जवळजवळ काहीच केलं नाही असं मला वाटलं. श्वास घेत हात वर, सोडत खाली. मान एका बाजूला, मग दुसऱ्या. मला राग यायचा. यासाठी का मी घरातून निघून आले?

मग एका सकाळी तिने सांगितलं, उजवा हात वर आणि डावा पाय पुढे, श्वास घेत. हे जमलं. पाच वेळा झाल्यावर ती म्हणाली, "आता उलट करा, आणि या वेळी श्वास सोडत." माझा हात हवेतच थांबला. शरीर जुन्याच क्रमाने जायला बघत होतं, त्याला अडवायचं, नवा क्रम डोक्यात धरायचा, वर श्वासाची दिशा बदलायची, आणि हे सगळं करताना शेजारच्या काकांकडे बघून नक्कल करायची नाही. ते काही क्षण मी पूर्णपणे तिथे होते. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा माझं मन दुसरीकडे कुठेही नव्हतं. घरी जाताना लक्षात आलं की हे मला ओळखीचं आहे. प्रूफ वाचताना असंच असतं. वाक्याच्या अर्थाबरोबर वाहत जायचं नाही, डोळ्याला अडवून अक्षरावर ठेवायचं, आणि त्याच वेळी मागच्या पानावर हाच शब्द कसा लिहिला होता ते लक्षात धरायचं.

मेंदूच्या अभ्यासकांच्या भाषेत या कामाला कार्यकारी क्षमता म्हणतात. सवयीचं पाऊल रोखणं, एका कामावरून दुसऱ्या कामावर वळणं, माहिती थोडा वेळ हातात धरून ठेवणं. कपाळामागचा मेंदूचा पुढचा भाग यात पुढाकार घेतो, आणि वय वाढतं तसा हाच भाग लवकर थकायला लागतो. आणि योगाच्या वृद्धांवरच्या अभ्यासांत जो परिणाम मला सर्वांत विश्वासार्ह वाटला, तो नेमका इथेच दिसतो.

नेहा गोठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी ६२ वर्षांच्या ११८ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला हठयोग, दुसऱ्याला अंग ताणण्याचे आणि बळ वाढवण्याचे व्यायाम. आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे. शेवटी माहिती हातात धरून ठेवण्याच्या आणि काम बदलण्याच्या चाचण्यांत योगाचा गट स्पष्टपणे सुधारला, दुसऱ्या गटात तशी सुधारणा दिसली नाही. मला यात आवडलं ते तुलनेला कोण घेतलं होतं ते. दुसरा गट घरी बसून नव्हता. तोही तितकाच हलत होता, तितकाच लोकांत मिसळत होता. म्हणजे फरक पडला तो नुसत्या हालचालीचा आणि सोबतीचा नाही, असं म्हणायला जागा आहे. समासात मी लिहिलं: आठ आठवड्यांनंतर काय?

दुसरा अभ्यास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातला, २०१७ चा. पंचावन्न वर्षांवरची ८१ माणसं, सगळ्यांना विसरण्याचा त्रास आणि तपासणीत बुद्धीच्या कामात सौम्य घट आढळलेली. म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे, पण वयाच्या मानाने जास्त. एका गटाला स्मरणशक्ती वाढवण्याचं रीतसर प्रशिक्षण, दुसऱ्याला कुंडलिनी योग आणि त्यातलं कीर्तन क्रिया नावाचं ध्यान. ते ध्यान असं: सा, ता, ना, मा हे चार स्वर म्हणायचे आणि प्रत्येक स्वराला अंगठा एकेका बोटाला टेकवत जायचा. आधी मोठ्याने, मग कुजबुजत, मग मनात, पुन्हा कुजबुजत, पुन्हा मोठ्याने. बारा आठवड्यांनी स्मरणशक्ती दोन्ही गटांची सुधारली. पण मनाची उदासी कमी होणं आणि कार्यकारी क्षमता वाढणं हे योगाच्या गटातच दिसलं.

हे वाचून मी बराच वेळ नुसती बसले होते. एका गटाला आठवण्याच्या युक्त्या शिकवल्या, त्यांना आठवू लागलं, हे समजतं. दुसऱ्या गटाला आठवण्याबद्दल काहीच शिकवलं नाही आणि तरी त्यांनाही आठवू लागलं. मला पांढरा कागद दिसला होता तिथे खरं तर काय होतं, याचं उत्तर मला इथे सापडल्यासारखं झालं. स्मरणाच्या कोठारात काही बिघडलं असेल-नसेल, माझं दार बंद होतं. योग कोठाराची डागडुजी करतो असं मला म्हणायचं नाही. तो दार उघडं ठेवायला मदत करतो. लक्ष, झोप आणि मनाची उभारी, या तीन वाटांनी गोष्टी आत येतात, आणि या तीन वाटांवर त्याचं काम चालतं असं पुरावे सांगतात.

कोठाराबद्दल मात्र जपून बोलायला हवं. मेंदूत कानांच्या आतल्या अंगाला, समुद्रघोड्याच्या आकाराचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, नव्या आठवणी पक्क्या करण्यात त्याचं मोठं काम. उतारवयात तो वर्षाला एक-दोन टक्के आकसत जातो. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये लिहिलं की सहा महिने योग केल्यावर वृद्धांमध्ये हा भाग वाढलेला दिसला. बातमीचा मथळा म्हणून हे किती सुंदर आहे! पण त्या अभ्यासात माणसं होती सात. सात माणसांच्या जोरावर कोणालाही आशा विकू नये. त्यांनीही तो छोटा, सुरुवातीचा अभ्यास म्हणूनच मांडला आहे, मथळे करणारे दुसरेच असतात.

याच्या बरोबर उलट बाजूला एक मोठा आणि गाजलेला प्रयोग आहे, २०११ चा. १२० वृद्ध, एक वर्ष. अर्ध्यांनी आठवड्यातून तीनदा भरभर चालायचं, अर्ध्यांनी ताणण्याचे आणि तोलाचे हलके व्यायाम करायचे. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्के वाढला, दुसऱ्या गटाचा आकसला. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पण त्या दुसऱ्या गटाच्या हलक्या व्यायामांत योगाचा एक छोटा क्रमही होता, हे बारीक अक्षरातलं वाक्य सहसा कोणी सांगत नाही. माझ्यासारखीला ते सापडल्यावाचून राहत नाही. त्यावरून योग निरुपयोगी ठरत नाही, तिथे तो अनेक व्यायामांतला एक होता. पण 'योग करतो, मग चालायला कशाला हवं' असं वर्गात कोणी म्हणालं की मला ते वाक्य आठवतं. मी रोज पाऊण तास चालते. दोन्ही करते.

उदासीबद्दल मला जास्त ठामपणे बोलता येतं, आणि ते केवळ माझ्यामुळे नाही. वृद्धाश्रमात राहणाऱ्या ६९ जणांवर आपल्याकडे झालेला एक अभ्यास आहे. त्यात योगाचा गट, आयुर्वेदिक औषधाचा गट आणि नुसता थांबलेला गट असे तीन भाग केले होते. सहा महिन्यांनी योगाच्या गटाचे नैराश्याचे गुण उतरलेले होते. तिथेच झोपेचीही नोंद घेतली होती. योग करणाऱ्यांना झोप लागायला सुमारे दहा मिनिटं कमी लागू लागली आणि रात्रीची झोप जवळजवळ तासाभराने वाढली, असं त्यांनी स्वतः सांगितलं. ज्याने तीन वाजताचं छत पाहिलं आहे त्याला त्या एका तासाची किंमत सांगावी लागत नाही. मला स्वतःला झोप सुधारलेली कळली तो दिवस काही ठळक नव्हता. एका सकाळी पाचला जाग आली आणि मधलं तीन वाजून गेलं होतं, एवढंच.

इथेही समासात एक प्रश्न आहे आणि तो मला फार आवडता आहे. त्या वृद्धाश्रमातल्या कार्यक्रमात आसनं होती, श्वासाचे प्रकार होते, विश्रांती होती, भक्तिगीतं होती आणि व्याख्यानंही होती. आठवड्याला साडेसात तास. मग गुण कोणाला द्यायचा? श्वासाला, गाण्याला, की ठरल्या वेळी कोणीतरी आपली वाट पाहतंय याला? आमच्या वर्गात एक काकू आहेत, त्यांना गुडघ्यांमुळे निम्म्या गोष्टी करता येत नाहीत. त्या खुर्चीत बसून डोळे मिटून फक्त ऐकतात आणि सांगतात, इथे आले की दिवस सुरू होतो. हे योगाचं श्रेय नाही असं मला म्हणवत नाही. कदाचित हे वेगळं काढण्याचा हट्टच चुकीचा असेल. पण संशोधकाने तो हट्ट सोडू नये, आम्ही सोडला तर चालेल.

श्वासाबद्दल थोडंसं. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, हे कोणीही नाडीवर बोट ठेवून पाहू शकतं. श्वास संथ केला, विशेषतः सोडणं लांबवलं, की शरीराला शांत करणारी मज्जासंस्थेची बाजू पुढे येते. सततच्या ताणात कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढलेलं राहतं, आणि त्याला प्रतिसाद देणारी केंद्रं हिप्पोकॅम्पसमध्ये भरपूर असतात. म्हणजे लांबलेलं दुःख आठवणींच्या जागेवरच येऊन बसतं. यापलीकडची रसायनं मला समजतात असा माझा दावा नाही.

हे वाचून कोणी उद्यापासून सुरू करणार असेल तर तीन-चार गोष्टी कळकळीने सांगते. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोत. पुढे वाकून हात जमिनीला टेकवण्याच्या साध्या स्थितीतही मिनिटभरात डोळ्यांतला दाब वाढतो, हे मोजलेलं आहे. हाडं ठिसूळ झाली असतील तर पाठीतून गोल होऊन पुढे वाकणं टाळा, मणका दबून मोडू शकतो. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर श्वास रोखून धरणं आणि जोरजोराने सोडणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. आणि आडवं पडल्यावर झटकन उठू नका, आधी कुशीवर, मग बसतं, मग उभं. म्हातारपणी एक पडणं सगळं हिरावून नेतं. अवघड आसन जमलं म्हणून बुद्धीला जास्त फायदा होतो असं कुठेही दिसलेलं नाही, म्हणून खुर्चीची लाज वाटून घेऊ नका.

सुमारे वर्षाने डॉक्टरांनी पुन्हा तीच ३० गुणांची चाचणी घेतली, शब्द वेगळे होते. या वेळी पाचांपैकी चार आठवले. आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्यांदा परीक्षा देणारा पहिल्यापेक्षा सरावलेला असतो, औषध चालू होतं, दुःखालाही वर्षभर जुनं व्हायला वेळ मिळाला होता. त्या चार शब्दांच्या बाजूलाही मी मनात प्रश्नचिन्ह केलं. शब्द अजूनही अडतात. फरक इतका आहे की अडलेल्या शब्दामागे आता मी घाबरून धावत नाही. थांबते, एक श्वास पूर्ण सोडते, बहुतेक वेळा तो येतो. घाबरण्यातच किती विसरणं होतं, हे कळायला मला इतके दिवस लागले.

वर्गात एक जोडपं येतं. ते शहात्तरचे, अल्झायमरचं निदान होऊन तीन वर्षं झाली. कोणालाही नावाने ओळखत नाहीत. पण शिकवणाऱ्या मुलीने हात वर नेला की त्यांचा हात जातो, आणि गेले काही महिने मी बघते आहे, तिने पुढची सूचना देण्याआधीच त्यांचा हात पुढच्या जागी निघालेला असतो. हातांनी शिकलेल्या गोष्टी मेंदूत वेगळ्या वाटेने साठतात आणि या आजारात त्या वाटा पुष्कळदा उशिरापर्यंत शाबूत राहतात. काल इथे आलो होतो हे त्यांना ठाऊक नसतं, त्यांच्या खांद्याला ठाऊक असतं.

त्यांच्या पत्नीला मी ताई म्हणते. त्या पहिल्या दिवसापासून त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसतात आणि सगळं करतात, पण अर्धवट. एक हात वर, एक हात त्यांच्या पाठीशी. डोळे मिटायला सांगितलं की सगळे मिटतात, ताईंचे उघडे असतात. त्यांच्याकडे लागलेले.

मी काहीबाही वाचत असते हे वर्गात माहीत आहे. एकदा वर्ग सुटल्यावर, त्यांच्या चपला त्यांच्यापुढे सरळ करून ठेवता ठेवता, ताईंनी विचारलं, "तुम्ही इतकं वाचता, खरं सांगा, यांना फरक पडेल का हो?"

चौतीस वर्षांत मला इतका अवघड समास मिळाला नव्हता. मी म्हटलं, "ताई, गेलेली आठवण परत येईल किंवा आजार थांबेल असं मी कुठेही वाचलेलं नाही. इथे ते शांत असतात, रात्री झोप बरी लागत असेल तर ती त्यांना हवीच आहे. त्याच्या पुढचं मी सांगणार नाही." त्यांनी मान हलवली. त्यांना ते आधीच माहीत असावं.

मग मला आठवलं ते मी त्यांना सांगितलं. लॉस एंजेलिसच्याच विद्यापीठातला आणखी एक अभ्यास आहे, २०१३ मधला. तो रुग्णांवर नव्हता. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घरी सांभाळणाऱ्या ३९ नातेवाइकांवर होता. काहींनी रोज बारा मिनिटं ते बोटांचं ध्यान करायचं, इतरांनी तितकाच वेळ मन शांत करणारं संगीत ऐकायचं. आठ आठवड्यांनी ध्यान करणाऱ्यांची उदासी जास्त उतरली होती आणि विचारांची धारही सुधारली होती. "म्हणजे फरक पडला तो सांभाळणाऱ्यांना," मी म्हटलं. "तुमच्याबद्दल कोणीतरी मुद्दाम शोधून पाहिलं आहे, ताई."

त्या काही बोलल्या नाहीत. "चला हो," म्हणून त्यांचा हात धरून निघून गेल्या. मला वाटलं, मी नको तिथे बोलले.

पुढच्या आठवड्यात वर्ग सुरू होण्याआधी ताई त्या मुलीशी हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. मग तिने आपली खुर्ची उचलून ताईंच्या यजमानांच्या शेजारी आणली आणि ताई गोलातून थोड्या पुढे सरकून, त्यांच्याकडे पाठ करून बसल्या. दोन्ही हात मांडीवर. शेवटी डोळे मिटायला सांगितलं तेव्हा मी मिटले नाहीत. त्या मुलीचा तळवा त्यांच्या खांद्यावर होता, त्यांचा अंगठा आपल्याच बोटांवरून संथ फिरत होता. ताईंचे डोळे मिटलेले होते. एकदा पापणी थरथरली, मान किंचित मागे वळली, आणि परत सरळ झाली.

बारा मिनिटं झाली तेव्हा मुलीने आम्हाला लगेच डोळे उघडायला सांगितलं नाही.